घरी स्वतःचा डीएनएस सर्व्हर: अनबाउंड बसवायचा कसा आणि वर्षानुवर्षं अपडेट कसा ठेवायचा

डीएनएस सर्व्हर, म्हणजे साइटचं नाव दिलं की तिचा आयपी ॲड्रेस सांगणारा सर्व्हर, बसवायला एक संध्याकाळ पुरते, पण पुढची चार-पाच वर्षं तो नीट चालायला हवा असेल तर अपडेट करत राहावं लागतं, आणि बहुतेक ठिकाणची माहिती इन्स्टॉल झालं, चालू झालं, की तिथेच संपते. मग होतं काय की लोक एकदा बसवतात, चालतंय ना, मग हात कशाला लावा, आणि दोन वर्षांनी घरात जुनं, भोकं पडलेलं सॉफ्टवेअर चोवीस तास चालू असतं. म्हणून मी दोन्ही लिहितोय, आणि बसवतानाच असं बसवायचं की नंतर अपडेट करायला भीती वाटणार नाही.

आधी एवढं क्लिअर करून घेऊ की डीएनएस सर्व्हर दोन प्रकारचे असतात. एक ऑथॉरिटेटिव्ह, म्हणजे ज्याच्याकडे एखाद्या डोमेनच्या मूळ नोंदी असतात, आणि दुसरा रिझॉल्व्हर, जो आपल्या मोबाइल-लॅपटॉपच्या वतीने बाहेर विचारत जातो आणि उत्तर आणून देतो. घरी हवा असतो तो दुसरा. त्यासाठी मी अनबाउंड सुचवतो. ॲमस्टरडॅमच्या एनएलनेट लॅब्जचं हे सॉफ्टवेअर, २००८ मधे त्याचं १.० व्हर्जन आलं, फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि रिझॉल्व्हर हे एकच काम नीट करतं. बाइंड हे दुसरं डीएनएस सॉफ्टवेअर पण दमदार आहे पण ते दोन्ही कामं करतं, त्यामुळे घरच्या वापराला त्याचं कॉन्फिग उगाच मोठं होतं.

अनबाउंड कुठल्याही मोठ्या कंपनीच्या सर्व्हरला न विचारता थेट मुळापासून सुरुवात करतो. आधी रूट सर्व्हर, ए पासून एम पर्यंत १३ नावांचे, पण प्रत्येक नावाच्या मागे जगभर पसरलेली बरीच मशीन आहेत, त्यातलं आय-रूटचं एक मुंबईतही आहे. रूट सांगतो डॉट इन कोणाकडे आहे, डॉट इनवाले सांगतात ते डोमेन कोणाकडे आहे, आणि ते शेवटी आयपी ॲड्रेस देतात. मिळालेलं उत्तर अनबाउंड कॅशमधे, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात ठेवतो, म्हणून तीच साइट घरातल्या दुसऱ्याने उघडली की बाहेर जावंच लागत नाही.

याने काय मिळतं ते खरं खरं सांगतो. तुमच्या घरातून शोधलेल्या सगळ्या साइटच्या नावांची यादी एकाच कंपनीकडे जमा होत नाही, डीएनएससेकची सही, म्हणजे उत्तर खरं आहे याची डिजिटल खूण, तुमच्याच मशीनवर तपासली जाते, आणि घरातल्या प्रिंटर, एनएएस (नेटवर्कवरची हार्डडिस्क), कॅमेऱ्याला नावं देता येतात. पण तुमच्या इंटरनेटवाल्यापासून काही लपत नाही, कारण रिझॉल्व्हर बाहेर जे विचारतो ते बहुतेक उघडंच जातं. लपवायचं हाच उद्देश असेल तर वेगळा रस्ता आहे, तो खाली येईल.

बसवण्याआधी

मशीन म्हणून रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर किंवा पडून असलेला जुना लॅपटॉप काहीही चालतं, ५१२ एमबी रॅम घराला भरपूर होते, फक्त वायफायवर नको, राउटरला लॅनच्या केबलने जोडा. राउटरच्या डीएचसीपी सेटिंगमधे, म्हणजे जिथून घरातल्या उपकरणांना आयपी वाटले जातात तिथे जाऊन त्या मशीनला एक आयपी कायमचा राखून ठेवा, मी इथे १९२.१६८.१.१० धरतो. ऑपरेटिंग सिस्टिम डेबियन किंवा रास्पबेरी पाय ओएस. कमांड मी उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, टर्मिनलमधे अर्थातच त्या इंग्रजी अक्षरांत आणि आकडेही इंग्रजीतच टाकायचे.

पहिली तपासणी अशी की तुमचं कनेक्शन मधेच डीएनएस अडवत नाही ना. काही प्रोव्हायडर पोर्ट ५३ वरचं, म्हणजे डीएनएसचं, सगळं ट्रॅफिक गुपचूप आपल्या सर्व्हरकडे वळवतात, आणि तसं असेल तर बाकी सगळं बरोबर करूनही रिझॉल्व्हर विचित्र वागतो आणि माणूस कॉन्फिगमधे चूक शोधत बसतो. ‘डिग’ ही कमांड बाइंड९-डीएनएसयूटिल्स या पॅकेजमधे येते, ते आधी टाकून घ्या आणि मग ए-रूटला, म्हणजे १९८.४१.०.४ ला, थेट एखाद्या नेहमीच्या साइटचं नाव विचारा. ‘डिग ॲट १९८.४१.०.४’ आणि पुढे साइटचं नाव, ॲट म्हणजे ते ईमेलमधलं चिन्ह. रूट सर्व्हर कधीच त्या साइटचा आयपी सांगत नाही, तो फक्त डॉट कॉम किंवा डॉट इनवाल्यांची यादी हातात देतो. तुम्हाला जर सरळ आयपी मिळाला तर मधे कोणीतरी बसलंय हे पक्कं. अशा वेळी अनबाउंडला फॉरवर्ड मोडमधे चालवायचं, म्हणजे स्वतः मुळापासून न शोधता दुसऱ्या रिझॉल्व्हरला विचारायचं, फॉरवर्ड-झोन मधे क्वाड९ चा ९.९.९.९ किंवा क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ द्यायचा, पोर्ट ८५३, फॉरवर्ड-टीएलएस-अपस्ट्रीम यस, आणि सर्टिफिकेट तपासायला टीएलएस-सर्ट-बंडलचा पाथ आणि पत्त्यापुढे हॅशचं चिन्ह देऊन त्या सर्व्हरचं नाव. मग ट्रॅफिक एन्क्रिप्ट होऊन जातं आणि मधे कोणाला बदलता येत नाही, फक्त सगळी नावं त्या एका संस्थेला कळतात. लपवायचं ज्यांना आहे त्यांच्यासाठी रस्ता हाच.

उबंटूवर असाल तर अजून एक, तिथे सिस्टिमडी-रिझॉल्व्ह्ड हा सिस्टिमचा स्वतःचा छोटा रिझॉल्व्हर आधीच पोर्ट ५३ धरून बसलेला असतो, त्याच्या कॉन्फिगमधे डीएनएसस्टबलिसनर ला नो करून ते रिस्टार्ट करा, नाहीतर अनबाउंड कधी कधी ‘ॲड्रेस ऑलरेडी इन यूज’ म्हणून सुरूच होत नाही.

इन्स्टॉल आणि कॉन्फिग

‘सुडो एपीटी अपडेट’, मग ‘सुडो एपीटी इन्स्टॉल अनबाउंड’. सोर्सकोड आणून स्वतः कंपाइल करायचा मोह बऱ्याच जणांना होतो, कारण डेबियनमधलं व्हर्जन जुनं दिसतं. करू नका. स्वतः कंपाइल केलं की प्रत्येक सिक्युरिटी फिक्सवर लक्ष ठेवायचं काम तुमच्या गळ्यात येतं, आणि पॅकेज असेल तर तेच काम डेबियनची सिक्युरिटी टीम करते. तो जुना नंबर का दिसतो ते अपडेटच्या भागात सांगतो.

आता अपडेटच्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं: मुख्य फाइल, म्हणजे ईटीसी फोल्डरमधल्या अनबाउंड फोल्डरमधली अनबाउंड डॉट कॉन्फ, तिला हात लावायचा नाही. शेजारी अनबाउंड डॉट कॉन्फ डॉट डी नावाचा फोल्डर आहे, त्यात घर डॉट कॉन्फ अशी स्वतःची एक फाइल बनवायची आणि आपलं सगळं तिच्यातच लिहायचं. मुख्य फाइल बदलली असेल तर अपडेटच्या वेळी सिस्टिम विचारते की तुमची फाइल ठेवू का नवी टाकू, आणि तिथे घाईत चुकीचं अक्षर दाबलं की सगळी सेटिंग गेली. स्वतःची वेगळी फाइल असेल तर हा प्रश्नच येत नाही, आणि बॅकअप म्हणजे फक्त ती एक फाइल कॉपी करणं.

त्या फाइलमधे सर्व्हर या शब्दाखाली थोड्याच ओळी लागतात. इंटरफेस मधे १२७.०.०.१ आणि १९२.१६८.१.१० या दोन ओळी. ॲक्सेस-कंट्रोल मधे १९२.१६८.१.०/२४ अलाउ, कारण अनबाउंड मुळात फक्त स्वतःच्या मशीनलाच उत्तर देतो, घरातल्या बाकीच्यांना तुम्ही परवानगी द्यायची असते. आयपी-फ्रीबाइंड यस ही ओळ बरेच जण टाकत नाहीत पण आपल्याकडे ती हवीच, कारण लाइट जाऊन परत आली की कधी कधी पाय आधी सुरू होतो आणि राउटर नंतर, तेवढ्यात पायला आयपी मिळालेला नसतो, आणि अनबाउंड तो आयपी सापडत नाही म्हणून बंद पडतो. ही ओळ असली की आयपी नसतानाही सुरू होतो आणि आयपी मिळाला की उत्तरं द्यायला लागतो. प्रीफेच यस टाका, म्हणजे कॅशमधल्या नोंदीची मुदत शेवटच्या दहा टक्क्यांत आली असताना कोणी विचारलं तर मागच्या मागे तो ती ताजी करून ठेवतो. प्रायव्हेट-ॲड्रेस मधे १९२.१६८.०.०/१६ आणि १०.०.०.०/८, म्हणजे बाहेरच्या एखाद्या फसव्या डोमेनने तुमच्या घरातल्या मशीनचा आयपी उत्तर म्हणून दिला तर तो गाळला जातो. कॅश वाढवायची असेल तर आरआरसेट-कॅश-साइझ हे एमएसजी-कॅश-साइझच्या दुप्पट ठेवायचं, ३२ एमबी आणि १६ एमबी घराला पुष्कळ. क्वेरी लॉग बंदच राहू द्या, एसडी कार्ड लवकर जातं, शिवाय घरातल्या माणसांनी काय उघडलं याची नोंद ठेवणं मला पटत नाही.

घरातल्या नावांसाठी होम डॉट आर्पा हे शेपूट वापरा, ते २०१८ पासून अधिकृतपणे घरच्या नेटवर्कसाठी राखून ठेवलंय, त्यामुळे उद्या कोणी ते नाव विकत घेऊन गोंधळ करेल ही शक्यता नाही. लोकल-डेटा मधे प्रिंटर डॉट होम डॉट आर्पा आणि त्याचा आयपी अशी एक एक ओळ, झालं.

हाच सर्व्हर भाड्याच्या क्लाउड मशीनवर चालवणाऱ्यांना मात्र हात जोडून सांगतो की ॲक्सेस-कंट्रोल मधे ०.०.०.०/० अलाउ कधीही लिहू नका. सगळ्या जगाला उत्तर देणारा रिझॉल्व्हर म्हणजे हल्ला करणाऱ्यांच्या हातातलं शस्त्र, ते खोट्या पत्त्यावरून छोटा प्रश्न विचारतात आणि तुमचा सर्व्हर भलंमोठं उत्तर तिसऱ्याच कोणावर नेऊन ओततो. मार्च २०१३ मधे स्पॅमहाउस या स्पॅम रोखणाऱ्या संस्थेवर जो प्रचंड हल्ला झाला तो अशाच उघड्या रिझॉल्व्हरच्या जिवावर झाला होता. घरी राउटरवर पोर्ट ५३ फॉरवर्ड करायची पण काहीही गरज नाही, आणि सीजीनॅटच्या मागे असाल, म्हणजे प्रोव्हायडरने एकच बाहेरचा आयपी अनेक ग्राहकांत वाटला असेल, तरी बिघडत नाही कारण आपण फक्त बाहेर विचारतोय, बाहेरून कोणाला आत घेत नाही.

फाइल सेव्ह केली की आधी ‘सुडो अनबाउंड-चेककॉन्फ’, एरर नाही आली तरच ‘सुडो सिस्टिमसीटीएल रिस्टार्ट अनबाउंड’. हा क्रम कधीच मोडू नका.

चालतंय का ते बघणं

डिगने १२७.०.०.१ ला एखादं नाव विचारा, पहिल्यांदा शंभर-दोनशे मिलिसेकंद लागतील, लगेच परत विचारा, शून्य यायला पाहिजे, म्हणजे कॅश चालतोय. मग डीएनएससेक-फेल्ड डॉट ऑर्ग विचारा, हे डोमेन मुद्दाम चुकीची सही ठेवून बनवलंय, त्याला सर्व्हफेल, म्हणजे ‘उत्तर देता येत नाही’ अशी एरर, आली की तपासणी सुरू आहे, आणि आयपी आला तर सुरू नाही. देवनागरी डोमेनही एकदा विचारून बघा, डॉट भारत २०१४ पासून चालू आहे, आतमधे ते एक्सएन डॅश डॅश ने सुरू होणाऱ्या इंग्रजी अक्षरांत बदलून जातं, त्यामुळे अनबाउंडला वेगळं काही शिकवावं लागत नाही.

घड्याळाचा मुद्दा

लाइट जाणाऱ्या भागात, म्हणजे आपल्या निम्म्या महाराष्ट्रात, हा भाग नीट वाचा. रास्पबेरी पाय ४ आणि त्याआधीच्या पायांमधे बॅटरीवर चालणारं घड्याळच नसतं, पाय ५ मधे घड्याळ आहे पण बॅटरी वेगळी लावावी लागते. लाइट गेली की शेवटची जतन केलेली वेळ धरूनच तो उठतो, म्हणजे सहा तास लाइट नसेल तर त्याचं घड्याळ सहा तासांहून जास्त मागे. डीएनएससेकच्या प्रत्येक सहीला ‘या वेळेपासून या वेळेपर्यंत’ अशी मुदत असते, त्यामुळे मधल्या काळात झालेली नवी सही पायला भविष्यातली वाटते आणि अनबाउंड थोडी सूट देतो तरी त्यापलीकडे ती नाकारतो. वेळ दुरुस्त करायला एनटीपी, म्हणजे इंटरनेटवरून वेळ देणाऱ्या, सर्व्हरचं नाव शोधावं लागतं, आणि नाव शोधायला वेळ बरोबर लागते, म्हणजे दोघं एकमेकांची वाट बघत बसतात. यावर उपाय म्हणजे वेळ देणाऱ्या सर्व्हरपैकी निदान एक नावाऐवजी आयपीने द्यायचा, किंवा डोमेन-इनसिक्युअर मधे एनटीपीचं डोमेन टाकून तेवढ्यापुरती सहीची तपासणी सोडायची. राउटर स्वतः वेळ देत असेल तर त्याचाच आयपी टाकणं सगळ्यात सोपं. घड्याळाचं छोटं मॉड्यूल मिळतं तेही लावता येईल, आणि राउटरच्या मिनी यूपीएसवर पायची सोय झाली तर अजूनच छान.

राउटरमधे काय बदलायचं

राउटरच्या डीएचसीपी पानावर डीएनएस म्हणून १९२.१६८.१.१० टाका. दुसऱ्या डीएनएसच्या जागी लोक ‘सेफ्टी’ म्हणून गूगलचा ८.८.८.८ टाकतात, पण पहिला बंद पडला तरच दुसऱ्याकडे जायचं असा नियम कोणी पाळत नाही, बरीच उपकरणं मनाला येईल तेव्हा दुसऱ्याला विचारतात, मग घरातली नावं कधी सापडतात कधी नाही. दुसरा हवा असेल तर दुसरं मशीन लावून त्यावरही अनबाउंड टाका, नाहीतर ती जागा रिकामी. आयपीव्ही६ पण बघा, राउटर त्यावरून प्रोव्हायडरचे डीएनएस वेगळे वाटत असतो आणि आपला सर्व्हर बाजूला राहतो, ते बंद करायची सोय बहुतेक राउटरमधे लॅनच्या आयपीव्ही६ सेटिंगमधे सापडते. अँड्रॉइडमधलं प्रायव्हेट डीएनएस आणि ब्राउझरमधलं सिक्युअर डीएनएस चालू असेल तर ती उपकरणं पण थेट बाहेरच जातात.

अपडेट

रिझॉल्व्हर म्हणजे इंटरनेटवरच्या अनोळखी सर्व्हरनी पाठवलेली उत्तरं उघडून वाचणारं सॉफ्टवेअर, त्यामुळे त्यात भोक असेल तर घराबाहेरूनही त्याचा फायदा घेता येतो. २००८ मधे सुरक्षा संशोधक डॅन कॅमिन्स्की यांनी खोटी उत्तरं कॅशमधे घुसवायची पद्धत दाखवली तेव्हा जगातले जवळजवळ सगळे डीएनएस सर्व्हर घाईने पॅच करावे लागले होते. फेब्रुवारी २०२४ मधे कीट्रॅप नावाचं भोक बाहेर आलं, जर्मनीतल्या संशोधकांनी शोधलेलं, त्यात एकच खास बनवलेलं उत्तर सही तपासायच्या कामात रिझॉल्व्हरला इतकं अडकवायचं की बराच वेळ तो कोणालाच उत्तर देऊ शकायचा नाही. अनबाउंडमधे ते १.१९.१ व्हर्जनला दुरुस्त झालं.

आता तो नंबरचा मुद्दा. डेबियन १२ मधे अनबाउंड १.१७.१ आहे, मग ते कीट्रॅपला उघडं आहे का? नाही, डेबियनवाले नवीन व्हर्जन न आणता फक्त तेवढी दुरुस्ती जुन्या व्हर्जनमधे बसवतात आणि शेवटी डेब१२यू१, यू२ असं काहीतरी वाढतं. म्हणून ‘एपीटी पॉलिसी अनबाउंड’ टाकून पूर्ण नंबर बघायचा आणि इन्स्टॉल्ड आणि कॅंडिडेट सारखे आहेत ना एवढंच तपासायचं.

सिक्युरिटी अपडेट आपोआप व्हावेत म्हणून अनअटेंडेड-अपग्रेड्स हे पॅकेज टाका, घरच्या सर्व्हरसाठी मला हेच योग्य वाटतं, कारण अपडेटने एखाद वेळी काही बिघडलं तर ते लगेच दिसतं, पण न केलेलं अपडेट कोणाला दिसत नाही. नीडरीस्टार्ट पण टाका, कारण अनबाउंडचं स्वतःचं अपडेट आलं की तो रिस्टार्ट होतो, पण ओपनएसएसएलसारखी लायब्ररी बदलली तर चालू असलेला प्रोग्राम जुनीच लायब्ररी धरून बसलेला असू शकतो, आणि नीडरीस्टार्ट असे प्रोग्राम शोधून देतं.

हाताने मोठं अपडेट करताना मात्र एक अडचण आहे. अपडेट डाउनलोड करायला डीएनएस लागतं आणि डीएनएस म्हणजे हाच सर्व्हर, तो मधेच बंद पडला तर दुरुस्तीचं पॅकेजही आणता येत नाही. म्हणून आधी सगळं ‘सुडो एपीटी-गेट डॅश डॅश डाउनलोड-ओन्ली अपग्रेड’ ने उतरवून घ्यायचं, मग अपग्रेड चालवायचं. इथे एपीटी-गेटच वापरा, ते उतरवलेली पॅकेजं ठेवून देतं, नुसतं एपीटी काम झाल्यावर पुसून टाकतं, आणि जुनं पॅकेज हाताशी असलं की मागे जाता येतं. शिवाय या एका मशीनच्या स्वतःच्या रिझॉल्व्ह डॉट कॉन्फमधे १२७.०.०.१ च्या खाली एक बाहेरचा डीएनएस असू द्या, इथे तो चालतो, कारण लिनक्स साधारणपणे ती यादी क्रमानेच वापरतं. घर डॉट कॉन्फची कॉपी दुसऱ्या मशीनवर, अपग्रेड, अनबाउंड-चेककॉन्फ, आणि वर दिलेल्या डिगच्या दोन टेस्ट, कॅशची आणि डीएनएससेक-फेल्डची, परत. दोन सर्व्हर असतील तर एक आज करा, दुसरा दोन दिवसांनी.

रूट हिंट्सची, म्हणजे रूट सर्व्हरच्या पत्त्यांची, फाइल दर महिन्याला क्रॉनने (ठरल्या वेळी आपोआप) उतरवा असं खूप ठिकाणी लिहिलेलं असतं, त्याची गरज नाही. रूटचे पत्ते अनबाउंडच्या आतच असतात आणि पॅकेजबरोबर अपडेट होतात. नोव्हेंबर २०२३ मधे बी-रूटचा पत्ता बदलला तेव्हाही जुन्या यादीवर काम चालू राहिलं, कारण उरलेल्यांपैकी कोणीही नवी यादी देतं.

रूटची सही करणारी किल्ली, जिच्यावर डीएनएससेकची सगळी तपासणी उभी आहे, ती मात्र गंभीरपणे घ्या. ती पहिल्यांदा ११ ऑक्टोबर २०१८ ला बदलली गेली, नंतरची नवी किल्ली, नंबर ३८६९६, जानेवारी २०२५ पासून रूट झोनमधे दिसतेय आणि तिने सही सुरू करायची ठरलेली तारीख ११ ऑक्टोबर २०२६ आहे. चालू असलेला अनबाउंड नवी किल्ली ३० दिवस बघतो आणि मग आपणहून विश्वासात घेतो, पण त्या तारखेनंतर २०२५ च्या आधीचा एसडी कार्डचा बॅकअप काढून लावला तर त्यात ती नसते आणि सगळ्याच नावांना सर्व्हफेल येतं. व्हार, लिब, अनबाउंड या फोल्डरमधली रूट डॉट की फाइल उघडून त्यात ३८६९६ दिसतंय का बघा, नसेल तर डीएनएस-रूट-डेटा पॅकेज अपडेट करून अनबाउंड रिस्टार्ट करा.

आणि एकच साइट उघडत नसेल, बाकी सगळं चालू असेल, तर आपला सर्व्हर बिघडला असं लगेच धरू नका. व्हॅल-लॉग-लेव्हल २ ठेवलंत तर सही का नाकारली ते लॉगमधे एका ओळीत येतं, बऱ्याचदा समोरच्याच डोमेनवाल्यांनी सहीची मुदत संपू दिलेली असते. अगदी अडलंच, बँकेचं किंवा परीक्षेचं काम असेल, तर तेवढं डोमेन डोमेन-इनसिक्युअर मधे टाका, रिस्टार्ट करा, आणि शेजारी कॉमेंटमधे तारीख लिहा, म्हणजे पुढच्या अपडेटला फाइल उघडाल तेव्हा ती ओळ काढायची आठवण राहील.